कारखाना घरचा, सही कोणाची?

लातूरच्या एमआयडीसीत डाळ मिल, तेल गिरणी, सोयाबीन प्रक्रिया, पशुखाद्य असे कारखाने आहेत. नांदेडलाही चित्र फार वेगळे नाही. फाटकावर कंपनीचे नाव काहीही असो, आतली मांडणी बहुतेक ठिकाणी सारखीच दिसते. वडिलांच्या केबिनमध्ये आजोबांचा हार घातलेला फोटो. थोरला मुलगा बँक आणि विक्री पाहतो, धाकटा खरेदी आणि मशिनरी, काकांकडे वसुली. मुनीम तीस वर्षांचा जुना, पण चेकवर सही करण्याचा अधिकार त्याला नाही. आम्ही हे टिंगल म्हणून लिहीत नाही. मराठवाड्यातला बराचसा खासगी उद्योग याच पद्धतीने उभा राहिला. निर्णय रात्री जेवताना होतो आणि सकाळी गाडी भरायला लागते. चार पायऱ्यांच्या साहेबशाहीपेक्षा हे केव्हाही लवकर होते.

आमचे प्रश्न दोन आहेत. या टेबलाभोवती आपण कुठे आहोत? आणि आपला स्वतःचा कारखाना निघाला की तिथे आपण कोणते टेबल मांडतो? पहिल्या प्रश्नावर आपल्याकडे भाषणे पुष्कळ होतात. दुसऱ्यावर सहसा कोणी बोलत नाही, म्हणून हा लेख.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत उपलब्ध आहे. २०१२ साली ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’मध्ये डी. अजित, हान डोंकर आणि रवी सक्सेना यांचा अभ्यास छापून आला. देशातल्या आघाडीच्या १,००० कंपन्यांच्या संचालकांची आडनावे त्यांनी तपासली. जवळपास ९३ टक्के संचालक तथाकथित उच्च जातींचे निघाले. अनुसूचित जाती आणि जमाती मिळून साडेतीन टक्के. गुणवत्तेच्या गप्पा मारणाऱ्यांनी हा अभ्यास एकदा वाचावा. संचालक निवडताना जात, नाते आणि ओळख यांचे जाळे किती काम करते, हाच त्याचा विषय होता.

ही गोष्ट जुनी आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत, कारण तुटलेला धागा तोंडाने ओला करून जोडावा लागे. पगार त्याच खात्यात जास्त होता. १९२८च्या संपात बाबासाहेबांनी हा मुद्दा लावून धरला. साच्यापर्यंत पोहोचायलाच इतका झगडा, तर ऑफिसची पायरी किती दूर असेल! नांदेडची उस्मानशाही मिल निजामी काळात सुरू झाली, पुढे सरकारी महामंडळाकडे गेली आणि बंद पडली. मालक बदलत गेले, कामगाराची जागा फाटकापाशीच राहिली.

आता दुसरा प्रश्न. त्यासाठी मुंबईतल्या एका कारखान्याची हकिगत सविस्तर सांगायला हवी, कारण एकाच कंपनीने तीन तऱ्हेचे नेतृत्व पाहिले. कंपनी म्हणजे कुर्ल्याची कमानी ट्यूब्ज. गांधीजींच्या प्रभावाखालचे उद्योजक रामजीभाई कमानी यांचा हा समूह. विजेच्या मनोऱ्यांपासून तांब्या-पितळेच्या नळ्यांपर्यंत मोठा पसारा. त्यांच्या पश्चात वारसांत भांडणे लागली. बांधावरची भावकी आपण गावोगाव पाहतो, बोर्डातली भावकी तशीच असते, फक्त वकील महाग. समूहातली कमानी इंजिनिअरिंग १९८२ मध्ये आरपीजीकडे गेली. आजची केईसी ती हीच. ट्यूब्ज मात्र बुडत गेली आणि कामगार रस्त्यावर आले.

मग दुसरे नेतृत्व आले, कामगारांचेच. त्यांच्या युनियनने सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढून कंपनी आपल्या ताब्यात घेतली. देशभर या प्रयोगाचे कौतुक झाले आणि ते रास्तच होते. सुरुवातीची काही वर्षे बरी गेली. पण भांडवल अपुरे, युनियनमध्ये गट, आणि सगळेच मालक असल्यावर नको असलेला निर्णय कोणी घ्यायचा हा पेच सुटला नाही. डावीकडची मंडळी या अपयशावर हळू आवाजात बोलतात. आम्हाला वाटते, मोकळेपणाने बोलावे. मालकी मिळाली म्हणजे कारखाना चालवण्याची यंत्रणा आपोआप मिळते असे नाही.

तिसरे नेतृत्व कल्पना सरोज यांचे. अकोला जिल्ह्यातल्या रोपरखेड्याच्या, पोलीस शिपायाच्या कन्या. बाराव्या वर्षी लग्न, सासरचा छळ, मुंबईत शिवणकाम, पुढे फर्निचर आणि बांधकामाचा धंदा. २००० साली कमानीचे कामगार त्यांच्याकडे गेले. कंपनीवर ११६ कोटींचे कर्ज होते आणि शंभरावर दावे. ही कहाणी आपल्या कार्यक्रमांत नेहमी ‘जिद्दी महिला’ म्हणून सांगितली जाते. टाळ्या पडतात आणि पुढचा वक्ता उभा राहतो. पण त्यांनी आधी काय केले? वेगवेगळ्या कामांतली जाणकार अशी दहाएक माणसे गोळा केली. मग बँकांकडे जाऊन दंड आणि व्याजाची माफी मागितली, कामगारांची थकलेली देणी चुकती करायला घेतली. २००६ मध्ये सूत्रे रीतसर हाती आली, पुढे कारखाना वाड्याला हलवला. त्या दहा माणसांचा उल्लेख भाषणांत येत नाही. आमच्या मते कहाणीचा कणा तोच आहे. नळ्या कशा बनतात हे त्यांना ठाऊक नव्हते. ज्यांना ठाऊक होते त्यांना त्यांनी जवळ केले.

उलट बाजूही पाहा. किर्लोस्करांसारखे शंभर वर्षे जुने, नांगरापासून पंपापर्यंत मराठी शेतकऱ्याच्या घराघरात पोहोचलेले घराणे. तिथे सप्टेंबर २००९ मध्ये भावांनी कौटुंबिक करार केला, आणि त्याच करारावरून पुढे कोर्टकचेरी झाली. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सुचवावे लागले की मध्यस्थाकडे बसून बघा. एवढ्या शिकल्या-सवरलेल्या घरात ही वेळ येते, तर आपल्या पहिल्या पिढीच्या कारखानदाराने निर्धास्त राहावे का?

आपल्याकडे पहिली पिढी आता खरोखरच आहे. लातूर जिल्ह्यातल्या चोबळीचे मिलिंद कांबळे नांदेडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून स्थापत्याची पदविका घेऊन पुण्याला गेले, उद्योजक झाले आणि २००५ मध्ये त्यांनी दलित उद्योजकांची संघटना, डिक्की, उभारली. त्यांना आणि कल्पना सरोज यांना २०१३ मध्ये एकाच वेळी पद्मश्री मिळाली. डिक्कीच्या राजकीय जवळिकीबद्दल आमचे मतभेद आहेत. पण नोकरीपलीकडे पाहण्याची सवय तिने लावली, हे मान्य करावे लागेल.

सवय लागली, योजनाही आल्या. ५ एप्रिल २०१६ ला स्टँड-अप इंडिया सुरू झाली. प्रत्येक बँक शाखेने निदान एका अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला आणि एका महिलेला दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत कर्ज द्यावे, आणि कंपनी असेल तर ५१ टक्के हिस्सा व नियंत्रण त्यांच्याच हाती असावे, अशी अट होती. २०२५च्या अर्थसंकल्पात याच वर्गांतील नवउद्योजकांना दोन कोटींपर्यंत कर्जाची घोषणा झाली. सरकारी कंपन्यांनी खरेदीतला चार टक्के माल अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांकडून घ्यावा असा नियम आहे. प्रत्यक्ष खरेदी त्याच्या बरीच खाली राहत आली आहे, तो वेगळ्या लेखाचा विषय.

इथे खरी गोम आहे. ५१ टक्के कागदावर कोणाचे आणि बैठकीत बोलते कोण? काही ठिकाणी नाव आपल्या माणसाचे आणि कारखाना दुसऱ्याच्या खिशात. त्या बदल्यात महिन्याला ठरावीक रक्कम. याला आम्ही भागीदारी म्हणत नाही, हे नाव भाड्याने देणे आहे. पण त्याहून सर्रास घडणारी गोष्ट आपल्याच घरात आहे. प्रायव्हेट लिमिटेडला किमान दोन संचालक लागतात, म्हणून दुसरी सही पत्नीची. ताई संचालक आहेत, बँकेत फोटो त्यांचा आहे, पण कर्ज किती उचलले, घर तारण आहे का, हे त्यांना माहीत नसते. कंपनी बुडाली तर जामीनदार म्हणून नोटीस मात्र त्यांच्याही नावाने येते. बड्या कंपन्यांनी २०१३च्या कायद्यातली महिला संचालकाची अट घरातल्या बायकांची नावे लावून भागवली, तेव्हा आपण हसलो होतो.

आणि कुटुंबप्रमुख अचानक गेला तर? समभागांना नॉमिनी लावला की झाले, असा समज आहे. कालनिर्णयकार जयंत साळगावकर यांच्या वारसांच्या वादात १४ डिसेंबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की नॉमिनी हा मालक ठरत नाही, मालकी वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरते. हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे आणि त्यात मुलीचा हक्क मुलाइतकाच. म्हणजे जी मुलगी कधी कारखान्यात आलीच नाही, ती उद्या भागधारक असणार. तिला ताळेबंद वाचायला आजच का बसवू नये? आपल्या घरांत मुली शिकतात, बापापेक्षा जास्त शिकतात. कारखान्याचा विषय निघाला की मात्र चहाचा ट्रे त्यांच्या हातात येतो.

बाहेरचा माणूस नेमण्याचीही आपल्याला भीती वाटते. ‘शिकून जाईल आणि समोर दुकान टाकेल.’ टाकूही शकेल. पण उत्पादन, हिशेब, ग्राहक, कामगार हे चारही एकट्या मालकाच्या मोबाइलवर चालत असतील, तर त्याला टायफॉइड झाला की कंपनीला टायफॉइड होतो.

हे आत्ताच का लिहितो आहोत? लातूरजवळ हरंगुळला रेल्वे डब्यांचा कारखाना आहे. ३१ मार्च २०१८ ला त्याचे भूमिपूजन झाले. २०२३च्या करारानुसार रशियन कंपनी आणि रेल विकास निगम यांच्या संयुक्त कंपनीने वंदे भारत शयनयान गाड्यांचे १२० संच इथे बनवायचे आहेत. कामाला वेळ लागतो आहे, पण असा कारखाना चालायला लागला की कंस, नळ्या, वायरिंग, रबर, आसने पुरवणारे लहान कारखाने लागतात. आपल्या समाजात अशा कामाचे वेल्डर, फिटर, पदविकाधारक दोन्ही जिल्ह्यांत आहेत. पुरवठादार निवडताना तपासणीला येणारा अधिकारी यंत्रे पाहतोच, पण गुणवत्ता कोण पाहतो, त्याची सही कुठे आहे, मालक गावाला गेला तर माल कोण थांबवू शकतो, हेही विचारतो. त्या वेळी केबिनमध्ये मालकाशेजारी कोण बसलेले असेल, हे आज ठरवावे लागेल.