सरस्वतीचा चेहरा कोणी ठरवला?

राजा रविवर्मा यांची सरस्वती म्हणजे साडी नेसवलेली ग्रीक म्यूज, असा शेरा समाजमाध्यमांवर अधूनमधून फिरतो. त्यावर चिडलेला दुसरा पक्ष तेच चित्र देवीचे ‘सनातन रूप’ म्हणून पुढे करतो. दोन्ही दावे इतिहासाशी प्रामाणिक नाहीत. दुसरा मात्र अधिक घातक आहे.

तैलरंग, छायाप्रकाश, यथार्थदर्शन ही युरोपीय अकादमिक शैलीची साधने रविवर्मांनी घेतली, यात वाद नाही. हॅवेल व आनंद कुमारस्वामी यांची त्यांच्यावरील टीकाही याच रोखाने होती. परंतु युरोपीय चित्रकाराच्या म्यूजपुढे कोणी निरांजन ओवाळत नव्हते. १८९६ ची ही सरस्वती (शुभ्र साडी, चार हात, वीणा, पोथी, जपमाळ, जवळ मोर) छापली गेली आणि थेट देवघरात पोहोचली. केवळ साधने परकी म्हणून चित्र परके ठरत असेल, तर ज्ञानेश्वरीची छापील प्रतही परकीच म्हणावी लागेल!

आता ‘सनातन’ या शब्दाकडे वळू. मथुरेच्या कंकाली टिळ्यावर सापडलेली, साधारणतः इ. स. १३२ ची मानली जाणारी सरस्वती जैन आहे. तिच्या हाती पोथी आहे. वीणा नाही, मोरही नाही. मस्तक तर उरलेलेच नाही. महाराष्ट्रात दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांनी सरस्वती काढतात; तिलाही चेहरा नाही, आणि त्यावाचून पूजेचे काही अडले नाही.

मग हा एकच चेहरा घरोघरी गेला कसा? नाहूरच्या रहिवाशांना उत्तरासाठी लांब जायला नको. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला रविवर्मांचा छापखाना घाटकोपरला होता; नाहूरपासून लोकलची अवघी चार स्थानके. शिळाछपाईत प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागे, त्यावर चित्र उलटे उतरवावे लागे, आणि एकच कागद दगडामागून दगडावर अचूक बसवावा लागे. त्या अनाम कारागिरांची आठवण ना निंदकांना आहे, ना भक्तांना. १८९९ मध्ये छापखाना मळवलीला हलला. पुढे तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. ‘सनातन’ रूपाच्या प्रसाराचा हा तपशील गैरसोयीचा खरा, पण टाळता येण्याजोगा नाही.

म्हणूनच एखाद्या चित्रकाराने वेगळी सरस्वती रंगवताच ‘ही आमची देवी नव्हे’ असा जो गिल्ला होतो, तो तपासून पाहिला पाहिजे. ध्यानश्लोकांत शुभ्र वर्ण आहे, हे खरे. पण तंत्रग्रंथांत नीलसरस्वतीही आहे. वाहन कोठे हंस, कोठे मोर. नाकाची ठेवण, साडीचा काठ, खडकावर बसण्याची ढब यांविषयी श्लोक गप्प आहेत. त्या जागा एका चित्रकाराने भरल्या आणि छापखान्याने त्यांच्या प्रती काढल्या. नव्या चित्राला नाकारताना दाखला शास्त्राचा दिला जातो, मोजपट्टी मात्र घाटकोपरच्या दगडाची असते.