डबा, कॅपिटल टी आणि माहेरचा वाडा

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. निमित्त आमच्या घरातल्या एका वादाचं. घरच्यांना तो पाठ आहे, बाकीच्यांनी थोडी प्रस्तावना सोसावी.

दादाच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी नातवाने आमच्या साताऱ्याच्या वाड्याची फिल्म करायचं ठरवलं. वाडा २०१९ मध्ये पाडला. जुन्या फोटोंवरून त्याने ब्लेंडर नावाच्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तो पुन्हा उभा केला. दिंडी दरवाजा, सोपा, माजघर, मागचं तुळशीवृंदावन... फिल्म अवघी १०० सेकंदांची, पण सेकंदाला २४ चित्रं, म्हणजे २४०० चित्रं. प्रत्येक चित्रात ऊन कुठून येतं, सावली कुठे पडते याचा हिशेब संगणकाने करायचा. हेच ते रेंडरिंग. नातवाच्या लॅपटॉपला एका चित्राला सहा मिनिटं लागत. करा गणित. अहोरात्र दहा दिवस! आणि कार्यक्रमाला उरले होते आठ.

चिरंजीवांचं उत्तर तयार होतं. दीड लाखाचा नवा संगणक घ्या आणि "आईचा तो डबा एकदाचा भंगारात द्या." डबा म्हणजे माझा दहा वर्षांचा डेस्कटॉप. त्यावर विंडोज ११ चढत नाही, आणि १० ला मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२५ मध्ये रामराम केला, म्हणून नातवाने त्यावर लिनक्स घातलंय. उत्तम चालतो.

माझं म्हणणं असं की आधी घरातले तीन संगणक कामाला लावा, मग बाजारात जा. लॅपटॉप विंडोजचा, सूनबाईंचा मॅक आणि माझा लिनक्स. "तिघांचं जमणार नाही," चिरंजीव म्हणाले. का नाही जमणार? 'टायटॅनिक' सिनेमातल्या दृश्यांसाठी डिजिटल डोमेन या कंपनीने १६० अल्फा संगणक घेतले होते, त्यातल्या १०५ वर लिनक्स होतं आणि ५५ वर विंडोज एनटी. ही १९९७ ची गोष्ट. (हे नातवाकडून कळलं, मी आपली ऐनवेळी वापरली.)

ब्लेंडरवाल्यांचंच फ्लॅमेंको म्हणून एक फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात एक मॅनेजर आणि बाकीचे वर्कर. वर्करने काम मागायचं, थोडी चित्रं करून द्यायची, पुन्हा मागायचं. जो चपळ आहे तो जास्त करतो, जो मंद आहे तो कमी, पण रिकामा कुणी बसत नाही. प्रत्येक चित्राची वेगळी फाइल असते, त्यामुळे मधे एकदा लाइट गेली तेव्हा हातातली दोन-तीन चित्रं तेवढी गेली, आधीची सगळी शाबूत.

अडचण आली ती पत्त्याची. तिघांचं सामायिक कपाट एकच, पण विंडोज त्याला झेड ड्राइव्ह म्हणतो, मॅक व्हॉल्यूम्सखाली शोधतो आणि लिनक्स एमएनटीखाली. तिरक्या रेघासुद्धा एकाच्या इकडे झुकलेल्या, दुसऱ्यांच्या तिकडे! फ्लॅमेंकोमध्ये एका टोपणनावाखाली तिघांचे पत्ते लिहून ठेवता येतात, मग ज्याला जो समजेल तो दिला जातो. ब्लेंडरची आवृत्ती मात्र सगळीकडे एकच लागते, तिथे सूट नाही.

पहिल्या रात्रीनंतर सकाळी पाहते तो काय, माझ्या डब्यातून आलेल्या चित्रांत तुळशीवृंदावन भडक गुलाबी! "बघ, सांगत होतो," चिरंजीव विजयी मुद्रेने म्हणाले. नातू काहीतरी शोधत बसला आणि मग हसायलाच लागला. "आजी, कॅपिटल टी!"

झालं होतं असं की वृंदावनाचा फोटो मी पुन्हा स्कॅन केला, जुनी फाइल काढली आणि नवी त्याच नावाने ठेवली. म्हणजे मला तसं वाटलं. तुळशीतला टी मी मोठा टाइप केला होता. विंडोज आणि मॅकने समजून घेतलं. लिनक्सला लहान टी आणि मोठा टी ही दोन वेगळी अक्षरं. चित्र सापडलं नाही, की ब्लेंडर ती जागा गुलाबी रंगवतो.

चाळीस वर्षं मी ऱ्हस्व-दीर्घाला अर्धा मार्क कापत आले, 'दिन' आणि 'दीन' एक नव्हे म्हणून मुलांना बजावत आले. माझाही अर्धा मार्क कुणीतरी कापायला हवाच होता. पण कापताना लाल शाई दिसेल अशी वापरली, हे मला आवडलं. गुपचूप दुसराच फोटो चिकटवला असता तर कुणाच्या लक्षात आलं असतं? चूक नावात होती आणि शिक्षा डब्याला होणार होती. ते मात्र मी होऊ दिलं नाही.

पाच दिवसांत काम झालं. तासाला लॅपटॉपची दहा चित्रं, मॅकची साडेसात, डब्याची अडीच. म्हणजे २४०० पैकी ३०० माझ्या डब्याची. फिल्ममधली साडेबारा सेकंदं.

दादाने फिल्म दोनदा पाहिली. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "वृंदावनाला उजवीकडे तडा होता गं. तो कुठाय?" फोटो तडा जायच्या आधीचा आहे, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. आता नातू तडा घालतोय. वृंदावनाची दीडशे चित्रं पुन्हा करायची आहेत, डबा कालपासून घुमतोय.