दूरध्वनीच्या काटकसरीचा खरा हिशेब

दूरध्वनीचे भाडे व्यापाराच्या जमाखर्चात दरमहा बिनचूक मांडले जाते. परंतु जो ग्राहक दोनदा फोन एंगेज लागल्यावर तिसऱ्यांदा दुसऱ्याच दुकानदाराचा क्रमांक लावतो, त्याची नोंद कोणत्याही खातेवहीत होत नाही, आणि म्हणूनच लाइनी कमी ठेवणे म्हणजेच काटकसर, हा समज आपल्या लहानमोठ्या पेढ्यांत दृढ झाला आहे.

वस्तुतः या प्रश्नाचे गणित कोपनहेगनच्या दूरध्वनी कंपनीतील गणिती आग्नर एरलांग यांनी १९१७ सालीच मांडून ठेवले आहे. ऐन गर्दीच्या तासात ६० कॉल येत असतील आणि प्रत्येक कॉल सरासरी तीन मिनिटे चालत असेल, तर वरवर पाहता तीन लाइनी पुरेशा वाटतात. पण माणसे आपापल्या सवडीने फोन करीत असल्यामुळे कधी झुंबड तर कधी सामसूम असते, आणि एरलांग यांच्या सूत्रानुसार तीन लाइनींवर शेकडा सुमारे ३५, पाचांवर ११, सातांवर २, तर आठांवर एकाहूनही कमी कॉल विन्मुख परततात. आठांपुढचे भाडे मात्र बहुतांशी व्यर्थ होय. शिवाय एवढेच कॉल येणाऱ्या दोन विभागांनी आठ-आठ लाइनी स्वतंत्र न घेता एकाच क्रमांकाखाली हंटिंगमध्ये, म्हणजे एक लाइन व्यस्त असल्यास कॉल आपोआप दुसऱ्या मोकळ्या लाइनीवर जाईल अशा रीतीने, जोडल्या, तर सोळांचे काम तेरांत निभावते.

ज्याची गरज आठांचीच आहे, त्याने तीस वाहिन्यांची पीआरआय ही डिजिटल जोडणी घेण्याचे प्रयोजन नाही. इंटरनेटवरून चालणारी व मागणीप्रमाणे वाहिन्या वाढविता येणारी सिप ट्रंक त्याला अधिक सोयीची, मात्र वीज वा इंटरनेट खंडित झाल्यास कॉल मोबाइलवर वळविण्याची तजवीज आधीच केलेली असावी. लाइनींप्रमाणेच टोल-फ्री क्रमांकाचाही हिशेब पाहावा: १८०० ने सुरू होणाऱ्या अशा क्रमांकावरील कॉलचा आकार मालकास सोसावा लागतो. अमर्याद कॉलच्या योजना सर्वत्र रूढ झालेल्या या काळात केवळ चौकशीसाठी असा क्रमांक घेणे स्थानिक व्यापाऱ्यास क्वचितच आवश्यक ठरते. तक्रारीच्या बाबतीत मात्र माझे मत निराळे आहे: मोल देऊन घेतलेल्या वस्तूतील दोषाची दाद मागण्यासाठी ग्राहकास पुन्हा पदरमोड करावी लागणे अन्यायाचे आहे, आणि तो खर्च विक्रेत्यानेच उचलला पाहिजे.

तेव्हा दरपत्रके मागविण्यापूर्वी प्रत्येक व्यावसायिकाने आठवडाभराच्या कॉलचा, विशेषतः न लागलेल्या कॉलचा, तासवार तपशील सेवा देणाऱ्या कंपनीकडून मिळवावा व त्यावरूनच लाइनींची संख्या मुक्रर करावी.