यात्रेचा दिवस वाया जात नाही!

खटाव तालुक्यातल्या पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेत खिलार जनावरांचा बाजार भरतो, कृषी प्रदर्शनही असतं. त्या दिवसांत मूल शाळेत दिसलं नाही की आपण म्हणतो, "अभ्यास बुडाला!"

खरंच बुडतो का? आदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला... दात बघून खोंडाचं वय सांगणारं पोर विज्ञानच वाचत असतं. सौदा ऐकता ऐकता तोंडी हिशोब पक्का होतो. वर्गात मागे बसणारं शेतकऱ्याचं लेकरू तिथे आपल्यालाच शिकवतं.

शिक्षक मित्रांनो, एक दिवस वर्गच तिकडे न्या. आणि पालकहो, "शिकला नाहीस तर शेती करावी लागेल" ही धमकी आता पुरे. शेती ही शिक्षा नाही. तीसुद्धा शिकावीच लागते.