फेजांची मोजदाद, तापाचा हिशेब

मदरबोर्डाविषयी आपल्या बाजारात दोन मते चालतात आणि दोन्ही सारख्याच ठामपणे सांगितली जातात. पहिले असेम्बल करून देणाऱ्यांचे: बोर्ड कुठलाही चालतो, पैसे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डावर घाला. दुसरे खोक्यावर छापलेले: आमच्या बोर्डात सोळा अधिक एक अधिक दोन फेज आहेत, यातच सगळे आले. मला दोन्ही अमान्य आहेत. प्रोसेसरला वीज पुरवणारा व्हीआरएम हा भाग मुळात तापाचा प्रश्न आहे, हे दोघेही सोयीस्करपणे विसरतात.

पहिल्या मताचे आधी बघू. एसएमपीएस म्हणजे वीजपुरवठ्याच्या पेटीकडून बोर्डाला 12 व्होल्ट मिळतात. प्रोसेसरला लागतात साधारण सव्वा. मधले काम व्हीआरएमचे. त्यातले मॉसफेट सेकंदाला काही लाख वेळा उघडझाप करतात, चोक आणि कपॅसिटर त्या धक्क्यांची सपाट धार करतात. मॉसफेट आणि चोकच्या अशा एका संचाला फेज म्हणतात. इंटेलच्या कोअर आय-9 13900के ची कमाल टर्बो मर्यादा 253 वॅट आहे. 1.2 व्होल्टला भागा: 210 अँपिअर. या रूपांतरात दहा टक्के वीज वाया जाते असे धरले, तरी 28 वॅट त्या चिंचोळ्या पट्टीत उष्णता होऊन राहतात. साधे सोल्डरिंग आयर्न 25 वॅटचे असते. तेवढी उष्णता प्रोसेसरच्या सॉकेटशेजारी तासन्‌तास. स्वस्तातल्या एच610 बोर्डांपैकी अनेकांवर या मॉसफेटवर हीटसिंकच नसतो, आणि त्याच सॉकेटमध्ये हा प्रोसेसर विनातक्रार बसतो. बसतो म्हणून चालतो, एवढाच या मताचा युक्तिवाद.

यावर ठरलेले उत्तर येते: ‘व्हीआरएम तापला तर प्रोसेसर आपोआप वेग कमी करतो, काही जळत नाही.’ खरे आहे, बहुतेक वेळा जळत नाही. पण मग आपण पैसे मोजले ते कोणत्या वेगाचे? पहिली काही मिनिटे व्हिडिओ झपाट्याने रेंडर व्हावा आणि मग गाडी रांगू लागावी, याला बचत म्हणणे कठीण आहे. महाग प्रोसेसर घेऊन त्याला स्वस्त प्रोसेसरच्या वेगाने चालवायचे असेल, तर सरळ स्वस्तच घ्यावा.

आता फेजवाल्यांचे. फेज वाढवण्यामागे विज्ञान आहे, ते नाकारण्याचे कारण नाही. तारेतल्या किंवा मॉसफेटमधल्या रोधाने होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. 210 अँपिअर सहा फेजांत वाटले तर प्रत्येकी 35. बारांत वाटले तर साडेसतरा. प्रवाह निम्मा झाला की एका फेजमधला हा नाश चौथाईवर येतो, फेज दुप्पट आहेत म्हणून एकूण नाश निम्मा. इथवर हिशेब चोख आहे. घोळ खोक्यावरच्या आकड्यात आहे. नियंत्रक चिपला खरे फेज आठ असतील, तर डब्लर (एका फेजचा संकेत दोनांत वाटणारी चिप) लावून किंवा दोन-दोन पॉवर स्टेज (एकत्र बांधलेले मॉसफेट) समांतर जोडून सोळा म्हणता येते. डब्लरमुळे प्रतिसादाला उशीर होतो असा युक्तिवाद करत आसूसने 2018 च्या सुमारास समांतर जोडणी पसंत केली आणि त्यावर बराच वादही झाला. माझ्या मते त्या वादात चुकीचा प्रश्न विचारला जात होता. एक फेज 50 अँपिअरच्या पॉवर स्टेजचा की 105 च्या, आणि त्यांची उष्णता बाहेर न्यायला काय ठेवले आहे, हे विचारायला हवे होते. कुठल्याही ‘सोळा’मध्ये हे उत्तर नसते.

याचा धडधडीत दाखला 2017 चा. इंटेलचा एक्स299 प्लॅटफॉर्म आला, दहा गाभ्यांचा आय-9 7900एक्स आला, आणि ‘डेरबाउअर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जर्मन ओव्हरक्लॉकरने जाहीर तक्रार केली की महागड्या बोर्डांचे व्हीआरएम तापून बेजार होत आहेत. मॉसफेटवर धातूचा ठोकळा होता, पण तो बहुतांशी शोभेचा: पाती नाहीत, वर प्लास्टिकचे झाकण, आत रंगीत दिवे. पुढे एएसरॉकने ‘एक्सई’ नावाच्या आवृत्त्या काढून हीटसिंक मोठा केला. गिगाबाइटने 2018 मध्ये एक्स470 च्या वरच्या बोर्डावर खऱ्या पातळ पात्यांचा हीटसिंक बसवला. फेज तेच राहूनही ताप उतरतो, हे कंपन्यांनीच दाखवून दिले.

महाग म्हणजे निर्धास्त, ही समजूतही याच घरातली. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचे प्रोसेसर अस्थिर होऊ लागले तेव्हा महागड्या बोर्डांची वीजवाहिनी भक्कमच होती. प्रोसेसरच गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. ऑगस्ट 2024 मध्ये मायक्रोकोड सुधारावा लागला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. उत्तम व्हीआरएम मागितले ते अचूक देतो, मागणे चुकीचे आहे की बरोबर हे तो ठरवत नाही.

मग माझे म्हणणे काय? व्हीआरएम प्रोसेसरच्या वॅटशी आणि खोलीच्या तापमानाशी जुळवून निवडावा. रायझन 5 7600 ची वीजमर्यादा 88 वॅट आहे. व्हीआरएममध्ये फार तर दहा वॅट उष्णता. त्याला साधा बी650 बोर्ड पुरून उरतो, तिथे वीस फेजांवर पैसे उधळणे ही हौस झाली. हौसेला माझा विरोध नाही, तिला गरज म्हणू नये इतकेच. शंभरऐवजी अडीचशे वॅटचा प्रोसेसर आणि रोजचे रेंडरिंग असेल, तर मात्र हीटसिंकचे वजन आणि पाती पाहूनच बोर्ड घ्यावा.

खोलीचे तापमान हा मुद्दा तर आपल्याकडे कुणी काढतच नाही. परदेशी चाचण्या बहुधा वीस-पंचवीस अंशांच्या खोलीत होतात. तिथे हीटसिंक खोलीपेक्षा 60 अंश वर जात असेल, तर तो 80-85 दाखवतो आणि परीक्षक समाधानी होतो. तोच बोर्ड मे महिन्यात अकोल्याच्या किंवा चंद्रपूरच्या बिनएसी, 40 अंशांच्या खोलीत शंभरावर जाईल. शिवाय मॉसफेट तापला की त्याचा रोध वाढतो, म्हणजे उष्णता आणखी. त्यात एआयओ, म्हणजे द्रवाने थंड करणारा कूलर लावला की प्रोसेसर थंड राहतो, पण साध्या कूलरच्या पंख्याची जी हवा व्हीआरएमवरून जायची ती बंद होते.

घाबरवणाऱ्यांनाही एक सांगायला हवे. नव्वद अंश म्हणजे बोर्ड मेला, असे नाही. मॉसफेट 125-150 अंश सोसतात. कमकुवत असतो शेजारचा कपॅसिटर. जुन्या, द्रव इलेक्ट्रोलाइटच्या कपॅसिटरचे आयुष्य दर दहा अंशांच्या घटीला ढोबळमानाने दुप्पट होते, घन पॉलिमरचे दर वीस अंशांना दहापट. 105 अंशांवर 5000 तासांचा पॉलिमर कपॅसिटर 85 ला 50,000 तास चालावा. तेव्हा 85 ला झोप उडवून घेण्याचे कारण नाही. 105 ला आहे.

हे सगळे ग्राहकाने कसे ताडावे, असा शेवटचा आक्षेप. स्वस्त बोर्डांवर बऱ्याचदा व्हीआरएमचा तापमापक सेन्सरही नसतो, म्हणून आक्षेप रास्त आहे. पण त्याच काउंटरवर, त्याच पिशवीत एसएमपीएसचेही खोके पडते, आणि चांगले निर्माते त्याच्या माहितीत सांगतात: अमुक वॅट, सतत, 50 अंश तापमानात. बोर्ड बनवणाऱ्यांनीही फेजांच्या आकड्याशेजारी एवढी एक ओळ छापावी: हा व्हीआरएम 40 अंशांच्या खोलीत, पंख्याविना, सतत किती वॅट देतो.