पाय घसरतो तो नशिबाने नव्हे

मृगाचा पाऊस सुरू झाला की कोकणातल्या दवाखान्यांत एक ओळखीचे दृश्य दिसू लागते. हात गळ्यात बांधलेल्या बायका, घोट्याला प्लास्टर घातलेले पुरुष, आणि स्ट्रेचरवर निपचित पडलेली एखादी आजी. कसे झाले म्हणून विचारावे तर उत्तर ठरलेले असते, ‘पाय घसरला, दुसरं काय? नशीब!’ नशिबाचा भाग सोडला तर यांतली बरीच दुखणी टाळता येण्यासारखी असतात, असे मला वाटते. काही आपण स्वतः टाळू शकतो, काही गावाने मिळून टाळायची असतात.

थंड देशांत हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ गोठतो. तिथली माणसे तो देवाची करणी म्हणून सोडून देत नाहीत. रस्त्यावर मीठ आणि बारीक खडी टाकली जाते. जर्मनीत तर बहुतेक ठिकाणी घरासमोरच्या पदपथावरचा बर्फ काढण्याची जबाबदारी घरमालकाची असते. आपल्याकडे बर्फ नाही, पण शेवाळ आहे. आणि ते चार महिने असते.

निसरडे का होते?

पावसाळ्यात रस्ता दोनदा धोक्याचा होतो. पहिला धोका पहिल्या सरींचा. उन्हाळाभर डांबरावर धूळ, गाड्यांचे ऑइल आणि टायरची झीज साचलेली असते. थोडा पाऊस पडला की त्याचा तेलकट लेप तयार होतो. जोराचा पाऊस पडून तो धुऊन जाईपर्यंत रस्ता अतिशय घसरडा राहतो. म्हणून पहिल्या सरीत हौसेने गाडी काढणाऱ्यांनी जरा थांबलेले बरे.

दुसरा धोका आषाढ-श्रावणातला. सावलीतल्या चिऱ्याच्या पायऱ्या, पाखाड्या, विहिरीचा काठ, देवळाचे आवार, सिमेंटची गल्ली यांवर हिरवा थर धरतो. चिऱ्याच्या खाचांत पाणी मुरते, त्यामुळे तिथे तो लवकर धरतो. शिवाय चिरे आणि माती वाहणाऱ्या डंपरांच्या चाकांतून सांडलेला लाल चिखल वळणावर पसरलेला असतोच.

पायी चालणाऱ्यांनी

निसरड्या जागी लांब टांगा टाकू नयेत. पावले जवळजवळ, गुडघे किंचित वाकवून, पूर्ण तळवा टेकवून चालावे. हात मोकळे ठेवावेत. एका हातात पिशवी, दुसऱ्यात छत्री आणि कडेवर मूल, असे उतारावरून उतरणे म्हणजे पडण्याला आमंत्रणच. तळ गुळगुळीत झालेली स्लीपर पावसाळ्यात फेकून द्यावी. डॉक्टरच्या बिलापेक्षा नवी चप्पल केव्हाही स्वस्त पडते. वयस्कर मंडळींनी काठी घ्यावी, तिच्या टोकाला रबरी टोपण असावे. रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या गोळ्यांनी चक्कर येत असेल, मोतीबिंदूमुळे पायरी नीट दिसत नसेल, तर तेही पडण्याचे कारण असते. ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

सायकल, दुचाकी आणि मोटार

सायकलचे ब्रेक ओल्या रिमवर लगेच धरत नाहीत. म्हणून उतार लागण्यापूर्वीच ते हलके दाबून पाहावेत. वळणावर ब्रेक मारू नये, वळणाच्या आधीच वेग कमी करावा. रस्त्यावरचे रंगाचे पट्टे, गटाराची लोखंडी झाकणे आणि ओली पाने यांवरून जाताना हँडल सरळ ठेवावे.

दुचाकीस्वारांना एक कळकळीची विनंती. मागे बसलेल्या व्यक्तीला छत्री उघडू देऊ नका. चालत्या गाडीवर छत्रीत वारा भरला की ती माणसाला मागे ओढते. त्यात एका बाजूला पाय सोडून बसलेली स्त्री असेल, तर सावरायला तिच्या हाताला काही लागत नाही. ती मागच्या मागे डोक्यावर पडते. रेनकोट घ्यावा, आणि त्याची टोके, साडीचा पदर, ओढणी चाकापासून दूर खोचून ठेवावी. हेल्मेट चालवणाऱ्याने आणि मागे बसणाऱ्याने, दोघांनीही घालावे. हेल्मेटमुळे अपघातात मृत्यूचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी कमी होतो. पट्टा न लावलेले हेल्मेट मात्र पडण्याआधीच डोक्यावरून निघून जाते.

मोटार चालवणाऱ्यांनी एक हिशेब लक्षात ठेवावा. वेग दुप्पट केला की ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला चौपट अंतर लागते. ओल्या रस्त्यावर ते अंतर आणखी वाढते. टायरच्या खाचांची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली असेल तर पावसाळ्याआधी टायर बदलावेत. साचलेल्या पाण्यावरून गाडी तरंगल्यासारखी वाटली तर ब्रेक दाबू नये. ॲक्सिलरेटरवरचा पाय हळू काढावा आणि स्टिअरिंग सरळ धरावे.

पडल्यावर काय होते?

पडताना माणूस आपसूक हात पुढे टेकतो. सगळा भार मनगटावर येतो आणि हाड मोडते. डब्लिनचे शल्यचिकित्सक अब्राहम कॉलिस यांनी या अस्थिभंगाचे वर्णन १८१४ साली केले. क्ष-किरणांचा शोध लागायला तेव्हा अजून ८१ वर्षे होती! हात जेवणाच्या काट्यासारखा वाकडा दिसतो, त्यावरून तो ओळखता येतो. अशा वेळी आधी बांगड्या आणि अंगठ्या काढाव्यात, कारण सूज आल्यावर त्या कापाव्या लागतात. हात ओढून सरळ करू नये. आपले हे वर्तमानपत्र जाडसर दुमडून हाताखाली ठेवावे, वरून फडक्याने सैल बांधावे आणि दवाखाना गाठावा.

वृद्धांच्या बाबतीत भीती खुब्याच्या हाडाची. पडल्यावर उठता येत नाही, पाय आखूड झालेला आणि बाहेरच्या बाजूला वळलेला दिसतो. इथे तेल चोळण्यात किंवा हाडवैद्याकडे नेण्यात दिवस घालवू नयेत. १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. शस्त्रक्रिया शक्यतो पहिल्या दोन दिवसांत व्हावी. ‘वय झालं, आता कशाला ऑपरेशन?’ असे म्हणून आजीला खाटेवर ठेवले, तर पाठीला जखमा होतात, छातीत कफ साचतो, पायांत रक्ताच्या गाठी होतात. खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी पाचांतला एक तरी वर्षभरात दगावतो, असा जगभरचा अनुभव आहे. म्हणजे ती आजी कागदोपत्री न्युमोनियाने जाते, पण खरी सुरुवात झालेली असते शेवाळ धरलेल्या पायरीवर.

पाळी गेल्यानंतर बायकांची हाडे झपाट्याने ठिसूळ होतात. रोज थोडे ऊन, चालण्याचा व्यायाम, दूध आणि नाचणीची भाकरी हा उपाय आपल्या आवाक्यातला आहे. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते.

जे मोजले जात नाही

आता मुख्य मुद्दा. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांत दुचाकीवरची ७४,८९७ आणि पायी चालणारी ३२,८२५ होती. पण हे पादचारी म्हणजे वाहनाच्या अपघातात सापडलेले. पाखाडीवर पाय घसरून पडलेली आजी या हिशेबात नाही. वाहन नाही म्हणून पंचनामा नाही आणि आकडाही नाही. २०२५ साली केंद्राने अपघातग्रस्तांसाठी दीड लाख रुपयांपर्यंतच्या विनारोकड उपचारांची योजना आणली, ती चांगलीच आहे. पण तीही मोटार वाहनाच्या अपघातापुरती. आजीच्या घरच्यांनी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत काही बसते का, याची रुग्णालयात चौकशी करायची, नाहीतर दागिने गहाण टाकायचे.

जे मोजले जात नाही त्यासाठी पैसे ठेवले जात नाहीत. म्हणून पहिली मागणी अशी, की ग्रामीण आणि जिल्हा रुग्णालयांत हाड मोडलेला रुग्ण आला की तो कुठे पडला, हे केसपेपरवर लिहावे. चार महिन्यांत कोणती पाखाडी, कोणती गल्ली माणसे पाडते ते कळेल. दुसरी, नालेसफाईसारखी शेवाळसफाईही नगरपरिषदेने आणि ग्रामपंचायतीने पावसाळ्याच्या कामांत धरावी. उद्घाटनाच्या फोटोत चकचकीत फरशी छान दिसते, पण सार्वजनिक पायऱ्यांना ती लावू नये. खडबडीत दगड वापरावा, कठडा आणि दिवा द्यावा. यावर ‘निधी नाही’ हे उत्तर येईलच. पण खुब्याच्या एका शस्त्रक्रियेला जेवढा खर्च येतो, तेवढ्यात एखाद्या वाडीच्या पाखाडीला लोखंडी कठडा बसू शकेल.

आणि सारेच काम ग्रामपंचायतीचे नाही. आपल्या दारापुढची पायरी आपण घासावी. ब्लीचिंग पावडर टाकून थोडा वेळ ठेवावी आणि खराट्याने घासून भरपूर पाण्याने धुवावी. त्यात संडास साफ करण्याचे ॲसिड मात्र कधीही मिसळू नये, त्यातून विषारी वायू निघतो. दर पंधरा दिवसांनी अर्धा तास पुरे. शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याचीही पायरी जाता जाता घासून दिली, तर एखादा खुबा वाचेल. तो कोणाचा, हे कधीच कळणार नाही आणि कोणी आभारही मानणार नाही. तरीही खराटा हातात घ्यावा, हेच सांगणे.