उसाचे इंधन आणि जुना फवारणी पंप

सातारा व सांगली जिल्ह्यांतील शेतकऱ्यास इथेनॉल परके नाही. कृष्णा-वारणेच्या काठचा ऊस कारखान्यात जातो आणि त्याच्या मळीपासून व रसापासून तयार होणारे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळले जाते. हे प्रमाण २०२२ मध्ये शेकडा १० होते. २०२५ मध्ये ते शेकडा २० वर गेले. उसाला आणखी एक गिऱ्हाईक मिळाले, ही समाधानाचीच गोष्ट होय. परंतु तेच पेट्रोल आपल्या जुन्या फवारणी पंपात येते तेव्हा काय होते, याचा विचार फारसा झालेला नाही. मोटारी व दुचाकींविषयी पुष्कळ चर्चा होते. शेतावरील लहान इंजिनाची कैफियत कोणी मांडत नाही.

ऑक्टोबर छाटणीनंतर तासगाव तालुक्यातील एका द्राक्षबागेत गेलो होतो. रात्री पाऊस झालेला, डाउनीचे भय, आणि पावसाळाभर पडवीत पडलेला पंप काही केल्या सुरू होईना. कार्बोरेटर उघडला तो आत पांढुरका खर. पेट्रोलची नळी फुगून मऊ झालेली, वॉशरने आकार सोडलेला. मिस्त्री येईपर्यंत दिवस गेला. बागाईतदारास त्या एका दिवसाचे मोल सांगावयास नको.

इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते. पाणी फार झाले की ते इथेनॉलसह पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते व तेथूनच प्रथम इंजिनात जाते. टू-स्ट्रोक यंत्रात वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच असते. तळाच्या या थरात ते राहत नाही आणि पिस्टन कोरडा घासतो. शिवाय इथेनॉलची उष्णता पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश. त्यामुळे जुन्या बेताने बसविलेल्या कार्बोरेटरमधून इंजिनास इंधन कमी पडते व ते अधिक तापते.

माझ्या मते इथेनॉलला दोष देण्यात अर्थ नाही. खरे नुकसान भरल्या टाकीने यंत्र महिनोन्‌महिने ठेवण्याने होते. तथापि सुटे भाग विकणाऱ्यांनीही इथेनॉल सोसणारे सील व नळ्या ठेवावयास हव्यात. जुन्याच रबराचा वॉशर पुन्हा गळ्यात मारणे हा शेतकऱ्यावर अन्याय आहे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी फवारणीच्या औषधाची मात्रा सांगताना पंपाची नळीही एकदा दाबून पाहावी. ती चिकट किंवा फुगीर लागली तर लगेच बदलावयास सांगावे.

हंगाम संपताच टाकी रिकामी करावी आणि कार्बोरेटरमधील इंधन संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत ते चालू ठेवावे. काढलेले पेट्रोल बिडी-काडीपासून दूर ठेवावे. पुढील हंगामात आठवडा-दोन आठवडे पुरेल इतकेच ताजे पेट्रोल आणावे व टोपण घट्ट लावावे. डिझेल इंजिनास यातील काहीही लागू नाही. नदीवरील डिझेल पंपांच्या मालकांनी उगाच वॉशर बदलीत बसू नये.